वास गेल्यावर

श्रावणातल्या रविवारी सकाळी दत्तात्रेयांच्या कारखान्यात काम नेहमीसारखं सुरू होतं. पेणच्या त्या गल्लीत माणसांपेक्षा गणपती जास्त. पुढच्या पडवीत कारागीर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होते, मागच्या अंगणात साचे धुतले जात होते, आणि धुतलेलं पांढरं पाणी मोरीतून थेट गल्लीच्या भुयारी गटारात जात होतं. बादल्यांच्या तळाशी उरलेलं प्लॅस्टर, रंगाचे विसळलेले डबे, ब्रश बुचकळलेलं थिनर, सगळं त्याच मोरीत.

ही घराण्याची पद्धत होती. मूर्तीचं उरलंसुरलं उकिरड्यावर टाकायचं नाही, पायदळी येतं, पाण्यात सोडायचं. दत्तात्रेयांचे वडील शाडूची माती वापरत, ती परत भिजवून परत वापरत, त्यामुळे सोडण्यासारखं फारसं उरतच नसे. पुढे माती गेली, प्लॅस्टर आलं, पद्धत तशीच राहिली. गल्लीत गटार आल्यावर तर सोयच झाली. देवाचं उरलेलं साऱ्या गल्लीच्या संडासांच्या पाण्यात मिसळत होतं, पण पायदळी येत नव्हतं. एवढ्यावर घराण्याची भक्ती समाधानी होती.

गटारात काय सोडू नये याचा छापील कागद दर पावसाळ्याआधी घरोघरी येई. प्लॅस्टर, सिमेंट, रंग, थिनर, तेल, ॲसिड, चिंध्या. दत्तात्रेयांची बायको चंद्रावती तो कागद फरसाणाच्या डब्यात तळाला अंथरत असे.

त्यांची सून, मुलगा निकेशची बायको नम्रता, रोह्याची. तिथल्याच एका कारखान्यात सांडपाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. पाणी बाहेर सोडण्याआधी त्यात काय आहे ते तपासायचं, आणि मर्यादेबाहेर असेल तर झडप उघडू द्यायची नाही, हे तिचं रोजचं काम. घरी तिने हे दोनतीनदा बोलून पाहिलं होतं.

"ते नियम तुमच्या रोह्याच्या कंपन्यांना," दत्तात्रेय म्हणायचे. "आपण काय कंपनी हाय? आपण देव बनवतो."

त्या रविवारी नऊच्या सुमारास मोरीतून पाणी जायचं थांबलं. मग ते उलटं वर येऊ लागलं. थोड्याच वेळात अंगणभर काळं-पांढरं पाणी पसरलं आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं. आत जमिनीवर रंगवून तयार मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या. संध्याकाळी त्या न्यायला मुंबईचा टेम्पो येणार होता.

"उचला रे, वरती ठेवा!" दत्तात्रेय ओरडले. "निकेश, त्या गोविंदाला फोन लाव. म्हणावं जरा बघून जा."

गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून गोविंदाला कोणी 'उतर' असं म्हणत नसे. 'जरा बघून जा' म्हणत. तो यायचा, झाकण काढायचा, आत उतरायचा आणि तुंबलेला गाळ हाताने काढायचा. त्याच्या आधी त्याचा बाप हेच करत होता. त्याचा चहाचा कप संडासाच्या बाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा. तो चहा पिऊन स्वतःच धुऊन परत ठेवायचा, आणि चंद्रावती लोकांना कौतुकाने सांगायची की गोविंदा फार समजूतदार.

गेल्या महिन्यात तो वर आला तो भेलकांडतच. भिंतीला धरून ओकला. त्याची बायको सरू त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. "सकाळीच पिऊन येतात गो हे," चंद्रावती तेव्हा शेजारणीला म्हणाली होती. नम्रताने मात्र त्याचे लालभडक डोळे पाहिले होते. गोविंदा दारू पीत नाही, हे तिला सरूकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारून विषारी वायू ओळखणाऱ्या कागदाच्या पट्ट्यांची एक डबी घरी आणून ठेवली.

गोविंदा आला. त्याने पहारीने चेंबरचं झाकण सरकवलं. कुजक्या अंड्यांचा वास गल्लीभर पसरला. दारं-खिडक्या धडाधड लागल्या. कारागिरांनी नाकाला रुमाल लावले. गोविंदा मात्र वाकून, तोंड खाली करून तिथेच बसला.

"काय करतोस?" नम्रताने विचारलं.

"थांबतो वहिनी. वास जाऊ दे. वास गेला की गॅस गेला. मग उतरायचं. बापाने शिकवलंय."

"आता येतो वास?"

गोविंदाने दोनदा श्वास ओढून पाहिला. "आता नाय. गेला बघा. उतरतो."

त्याने दोरीचं टोक कमरेला बांधलं. नम्रता चार पावलांवर उभी होती, आणि तिला वास येत होता. आधीइतकाच.

"थांब," ती म्हणाली. "उतरू नकोस. आणि तिथनं मागे ये आधी."

ती आत जाऊन डबी घेऊन आली. शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेली एक पांढरी पट्टी तिने पाण्याने ओली केली, दोऱ्याला बांधली आणि लांबूनच चेंबरमध्ये सोडली. थोड्या वेळाने ओढून घेतली. पट्टी काळी झाली होती. टोकापासून गाठीपर्यंत.

"वास गेलेला नाही," ती म्हणाली. "तुझं नाक गेलंय. हा वायू वाढला की आधी नाकालाच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला, असं नाही. जीव घेण्याइतका असू शकतो. गेल्या महिन्यात तू वर आलास हे नशीब."

गोविंदा त्या पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझा बाप असाच गेला. आम्ही म्हटलं, चक्कर आली."

"काय चाललंय?" दत्तात्रेय धोतर सावरत आले. "पाणी मूर्तींना लागलं तिकडं, आणि इथं शाळा भरवलीय?"

"अण्णा, खाली विषारी वायू आहे. आणि तो आपणच बनवलाय. प्लॅस्टरमध्ये गंधक असतं. ते बंद गटारात साचलं की तिथले जिवाणू त्याचा हा वायू करतात. प्लॅस्टर पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, खाली पाइपात तेच झालंय. हाताने निघणारच नाही. रस्ता खोदून पाइप बदलावा लागेल."

"रस्ता खोदायचा? ऐन हंगामात?" निकेश पुढे आला. "टेम्पो कुठून येणार? डोकं फिरलं काय तुझं?"

"कागद काळा झाला म्हणून माणूस मरतो व्हय?" दत्तात्रेय हसले. कारागीरही हसले, मालक हसले की हसायची तिथे सवय होती. "गोविंदाचा जन्म गेला यात. त्यांना सवय असते. अंग घट्ट झालेलं असतं त्यांचं. काय रे गोविंदा?"



"ते बायकांचं काय ऐकतोस," चंद्रावती दारातून म्हणाली, पदर नाकाला लावून. "उतर लवकर. चहा ठेवते."

नम्रताने आवाज चढवला नाही. प्रयोगशाळेत आकडा वाचावा तसं ती म्हणाली, "ठीक आहे. काहीच धोका नाही म्हणता, तर निकेश उतरेल. तो तरणा आहे, कारखाना त्याचा आहे. गोविंदा, दोरी दे त्याला."

गोविंदाने कमरेची गाठ सोडली आणि दोरीचं टोक पुढे केलं. चेष्टा म्हणून नाही, अगदी सरळ.

निकेश एक पाऊल मागे सरला.

एवढंच झालं.  दत्तात्रेयांचा हात आपोआप मुलाच्या दंडावर गेला होता. चंद्रावतीने पदर नाकावरून काढला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नको रे बाबा, तू नको."

त्यांना माहीत होतं. वायूचं नाव, गंधक, जिवाणू यातलं काही माहीत नसेल, पण त्या भोकात माणूस मरू शकतो, हे त्या घराला पहिल्यापासून माहीत होतं. अडाणीपणाला क्षमा असते. हा अडाणीपणा नव्हता. हा हिशोब होता, आणि त्यात कोणता माणूस चालेल आणि कोणता चालणार नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

गोविंदाने ते पाऊल पाहिलं, तो दंडावरचा हात पाहिला, ते 'तू नको' ऐकलं. त्याने दोरी कोपरावर गुंडाळली.

"शेठ, मी चाललो."

"अरे जातोस कुठं? काम कोण करणार?"

"तुमचा देव, तुमची मोरी," गोविंदा म्हणाला. "मी नाय उतरणार. आज नाय, उद्या नाय."

"माज आलाय! तुझ्यासारखे छप्पन मिळतील. आता खांब गावावरनं माणूस मागवतो!"

दत्तात्रेयांनी खरोखरच फोन काढला. तेव्हा नम्रताने पहारीने झाकण सरकवून चेंबरवर बसवलं आणि कारागिराचं स्टूल ओढून त्यावर मांडून बसली. तिनेही फोन लावला. गटाराच्या तक्रारीचा नंबर तिने फरसाणाच्या डब्यातल्या कागदावरून उतरून घेतलेला होता.

"पत्ता लिहून घ्या," तिने सांगितलं. "प्लॅस्टर, रंग आणि थिनर सोडलंय. कोणी म्हणजे, आमच्याच घराने. हो, मी इथली सून. खाली विषारी वायू आहे, माणूस पाठवू नका. रस्ता खोदावा लागेल."

"घरात वैरी आणलास!" दत्तात्रेय मुलावर ओरडले. निकेश मूर्ती उचलायला आत निघून गेला. खांबचा माणूस मोटारसायकलवर आला. नम्रताने स्टुलावरूनच काळी पट्टी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्याने गाडी वळवली.

दुपारपर्यंत गल्लीतली दारं पुन्हा उघडली. बायका ओट्यांवर आल्या. रोह्याची सून गटारावर बसली, हे कोणी फोनवर सांगितलं, कोणी फोटो काढून. कुणाला दत्तात्रेयांच्या ओल्या मूर्तींची हळहळ वाटली, कुणाला संध्याकाळी रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोची. चंद्रावतीला शेजारणीने घरातून चहा आणून दिला आणि तिची पाठ थोपटली. रस्ता खोदला तर सणाला पाहुण्यांनी गाड्या कुठे लावायच्या, यावर बराच वेळ चर्चा झाली.

गोविंदाचं नाव त्या दिवसात कुणी घेतलं नाही. तो दुपारी घरी जाऊन सरूसमोर जेवायला बसला होता. एक माणूस जिवंत घरी पोचला, ही त्या गल्लीत बातमी नव्हती.