लाजाळू जिवाणूंचं इंधन

जुन्या हँगरमध्ये त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे एक मोडकी शिडी आणि कबुतरं असायची. आता आठशे माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात तळून तळून काळं पडलेलं तेल होतं. कुणी ते औषधाच्या बाटलीत आणलं होतं, कुणी लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीत. एका बाईंनी तर बरणीला स्वेटर घातला होता. जिवाणूंना ऊब लागते असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

स्टेजवर दोनशे लिटरचं स्टीलचं पिंप होतं. वर नरसाळं, खाली नळ, आणि शेजारी प्रोफेसर. हे कुठल्या कॉलेजात प्रोफेसर होते हे चार महिन्यांत एकानेही विचारलं नव्हतं. पूर्वी लोकांना फसवायला कफनी आणि दाढी लागायची. आता पांढरा कोट आणि खिशाला चार पेनं पुरतात, दाढी करून आलं तरी चालतं.

माणूस बोलायचा मात्र झकास. विमानाच्या धुराने हवा तापते, असं तो सांगायचा, आणि ते खरं आहे. तळणाच्या तेलापासून विमानाचं इंधन बनतं, असं सांगायचा, आणि तेही खरं आहे. मोठाले कारखाने ते बनवतात. त्याला भयंकर उष्णता लागते, दाब लागतो, हायड्रोजन लागतो, आणि इतकं करून दहा लिटर तेलाचं जेमतेम आठ लिटर इंधन हाती येतं. ते महाग पडतं, आणि जगातल्या सगळ्या विमानांना पुरेल एवढं तळणाचं तेल जगात नाही. एवढं सगळं खरं सांगून झालं, माना डोलायला लागल्या, की प्रोफेसर हळूच थाप सरकवायचा. हे सगळं आपण चाळीस मिनिटांत करतो म्हणे, एका कुपीतल्या जिवाणूंच्या बळावर, आणि दहा लिटरचे पुरते दहा लिटर.

"माझे जिवाणू लाजाळू आहेत," तो म्हणायचा. "कुणी बघितलं की काम थांबवतात. म्हणून डोळे मिटा, आणि ज्या ज्या विमानात आजवर बसलात ते आठवून मनात माफी मागा."

आठशे माणसं डोळे मिटायची. डोळे मिटून पाहायचं विज्ञान मी तोवर ऐकलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी नळ सोडला की पाण्यासारखं नितळ इंधन बाहेर पडायचं. ते टेबलावरच्या छोट्या जेट इंजिनात ओतलं की इंजिन असं गरजायचं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. ज्यांची मुलं परदेशी होती आणि वर्षातून एकदा विमानाने येत-जात होती, त्या आया तर नळाला हात लावायला झुंबड करायच्या.

नुसते भाबडेच फसले होते असं कुणी समजू नये. विमान कंपनीचे मोठे साहेब पहिल्या रांगेत बसायचे, आणि डोळे सगळ्यांत घट्ट तेच मिटायचे. एकही फेरी कमी न करता, कारखान्यात पैसा न घालता, धुराचा डाग धुऊन निघणार म्हटल्यावर त्यांना जिवाणूंची लाज फारच भावली होती. त्यांनी 'निष्पाप सीट' नावाचं महागडं तिकीटसुद्धा छापून घेतलं होतं, आणि प्रोफेसराला आगाऊ रक्कम मोजली होती.

मी विमानतळाच्या इंधन डेपोत तपासनीस आहे. विमानात जाणारा थेंब न् थेंब माझ्या प्रयोगशाळेतून जातो, आणि कागदावर माझी सही असल्याशिवाय विमानात इंधन भरता येत नाही. म्हणजे चार महिन्यांपूर्वीच माझं तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, कारण स्टेजवर प्रोफेसराच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून माझे वडील बसायचे.

अप्पा डेपोच्या कँटीनमध्ये चाळीस वर्षं तळणीवर होते. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे कढईवालेच म्हणायचे. हातावर कोपरापर्यंत डाग, भुवया कधीच्या जळालेल्या. दिवसभर डोक्यावरून विमानं जायची, पण आत बसायचा योग काही आला नव्हता. अशा माणसाकडे एक दिवस कोटवाला प्रोफेसर आला, कढईजवळ स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कढईवाले, पहिलं विमान तुमच्या तेलावर उडणार. आणि खिडकीजवळ तुम्ही बसणार." त्या दिवशी अप्पा घरी आले ते दोन इंच उंच होऊन.

प्रोफेसराने त्यांना दोन खास डबे दिले. रोज वापरलेलं तेल त्यात भरायचं आणि हातगाडीवरून हँगरला पोचवायचं. गेटवरचा रखवालदार वासाने नाक धरून वहीत नोंद करायचा, 'दोन डबे तेल', आणि अप्पांची सही घ्यायचा. डबे जड आहेत, खांदा भरून येतो, अशी अप्पांची तक्रार असायची. प्रोफेसराने त्यांना समजावलं होतं की जिवाणूंना वजन असतं. अप्पांनी ते मानलं, आणि मी रोज रात्री खांद्याला मलम चोळून गप्प बसले.

चार महिन्यांत दोन हजार लिटर चमत्कारी इंधन साठलं आणि पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी त्याचा नमुना घेतला. मनात खात्री होती की हे काहीतरी रॉकेलबिकेल निघणार, पहिल्याच चाचणीत आपटणार आणि माझी सुटका होणार. पण इंधन एकेका चाचणीत पास होत गेलं. रंग चांगला, घनता चांगली, गोठणबिंदू चांगला, पाण्याचा अंश नाही. शेवटची चाचणी राहिली होती. इंधनातून वीज किती वाहते ते दाखवणारं एक छोटं यंत्र असतं, ते मी नमुन्यात बुडवलं. आकडा आला दोनशे दहा. सकाळी डेपोच्या टाकीचा आकडा आला होता दोनशे आठ.

यातली गंमत सांगते. पाइपातून धावताना इंधनात वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. ती पडू नये म्हणून आम्ही डेपोत एक औषध थेंबाथेंबाने घालतो, आणि मग तो आकडा वर चढतो. नव्याने बनवलेल्या इंधनाचा आकडा जवळजवळ शून्य असतो, मग ते जिवाणूंनी बनवलेलं असो की कारखान्याने. नुकतं जन्मलेलं बाळ कान टोचून, डूल घालून बाहेर येत नाही. प्रोफेसराचं आलं होतं, आणि डूल आमच्या डेपोतले होते.

मग आमचं इंधन डेपोच्या बाहेर गेलं कसं? गेटवरून न तपासता बाहेर जाणारी वस्तू एकच होती. मी कँटीनच्या मागे गेले आणि अप्पांच्या रिकाम्या डब्यात काठी उभी केली. आतली खोली बाहेरच्या उंचीपेक्षा वीतभर कमी भरली. डब्याला दोन तळ होते. टाक्यांच्या बुडाशी जमणारं पाणी काढायला रोज सकाळी थोडं इंधन खाली सोडावं लागतं. ते सोडणारा टाकीवाला प्रोफेसराने फोडला होता. तो वरचं नितळ इंधन त्या चोरकप्प्यात भरायचा, आणि माझे अप्पा आपल्या दुखऱ्या खांद्याने ते स्वतःच्या सहीनिशी बाहेर न्यायचे.

डेपोच्या मॅनेजरकडे जाऊन फक्त आकडा सांगितला. डब्यांचं सांगायला जीभ रेटली नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इंधन चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे. आपलंच आहे."

"मग सही कर. विमान पडणार नाही. वडीलही खूश होतील."

खरं म्हणजे त्यांचं बरोबर होतं. सही केली असती तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. संध्याकाळी घरी गेले तर अप्पा आरशासमोर नवा शर्ट घालून उभे होते. खिडकीची काच उघडता येते का, असं त्यांनी मला विचारलं. येत नाही म्हणून सांगितलं आणि मी आमटीत मीठ घालायचं राहिल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये फुलं, कॅमेरे, मोठे साहेब. प्रोफेसराने आधी एकदा सगळा खेळ केला. पन्नास लिटर तेल नरसाळ्यातून ओतलं, डोळे मिटवले, पन्नास लिटर इंधन नळातून काढलं. मग मला स्टेजवर बोलावून कागद पुढे केला. मी माइक हातात घेतला आणि दोन्ही आकडे सांगितले. बाळाचं आणि डुलांचंही सांगितलं. हे इंधन आमच्या डेपोतलं आहे, म्हणाले, आणि याच्यावर माझी सही होणार नाही.

मला वाटलं, झालं, उघडं पडलं. पण असली माणसं अशा वेळेची तयारी आधीपासून ठेवून असतात. प्रोफेसराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हात काढले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"मी या माणसावर विश्वास ठेवला," तो म्हणाला, आणि अप्पांकडे बोट केलं. "डबे हा आणायचा. गेटची वही मागवा. याने तेलात तुमचं इंधन घालून मला दिलं. खुर्चीच्या हव्यासापायी याने माझ्या जिवाणूंचा घात केला."

सगळं खापर एका क्षणात अप्पांच्या डोक्यावर. रखवालदाराने वही उघडली, रोजची सही होतीच. डबे उपडे केले, दुसरा तळ निघाला. पहिली थप्पड स्वेटरवाल्या बरणीच्या बाईंनी मारली. मग पुरुषांनी शर्टाला धरून अप्पांना खाली खेचलं. गेले चार महिने याच माणसांनी त्यांच्या डागाळलेल्या हातांवर डोकी टेकवली होती. अप्पा मार चुकवत नव्हते. ते स्टेजकडे बघून एवढंच म्हणत होते, "प्रोफेसर, सांगा ना यांना."

मी माइकवरून ओरडले, "यांनी तेलात इंधन मिसळलं असेल, तर नळातून तेलही यायला हवं. ते कुठे गेलं? पिंपाचं झाकण उघडा."

"जिवाणू मरतील," प्रोफेसर म्हणाला. या वेळी आवाज बारीक होता.

एक विमान मेकॅनिक पाना घेऊन वर चढला. सहा नटबोल्ट होते. झाकण निघालं आणि करपट वास साऱ्या हँगरभर पसरला. तेल जिथे ओतलं होतं तिथेच होतं, पन्नासच्या पन्नास लिटर, काळं, वर करपलेले तुकडे तरंगत. मेकॅनिकने ते उपसलं. तळाशी एक वेगळी बंद टाकी जोडलेली होती, आणि नळाचं तोंड त्या टाकीत होतं. इंधन आधीच भरून ठेवलेलं. वर ओतलेल्या तेलाचा आणि खाली येणाऱ्या इंधनाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कुपीतले जिवाणू मी नंतर तपासले. ते साखरेचं पाणी होतं.

पोलीस प्रोफेसराला घेऊन गेले. टाकीवाल्याने दोन वाक्यांत कबुली दिली. लोकांनी मात्र अप्पांना उठवायला हात दिला नाही. जाता जाता एकाने मला ऐकवलं की इतके दिवस थांबलीस तर उड्डाण होईपर्यंत थांबायचं होतंस. मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी कळवलं की कंपनीची फसवणूक झाली, आणि त्याच पत्रात शेवाळापासून इंधन करणाऱ्या एका नव्या गृहस्थांचं स्वागत केलं. गेटच्या वहीत सही होती म्हणून अप्पांची नोकरी गेली. मॅनेजरांनी 'दुर्दैवी' असा शब्द वापरला.

आठवडाभर अप्पांनी मला खांद्याला मलम लावू दिलं नाही. मग एका दुपारी म्हणाले, "सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"विमान उडालं असतं, अप्पा. तेच इंधन, तोच धूर. आणि आता धूर नाही असं समजून सगळे निवांत झोपले असते. खरा कारखाना कुणी बांधला नसता, की फेरी कमी केली नसती."

त्यांनी हाताच्या डागांवरून अंगठा फिरवला. "खऱ्या कारखान्यात दिलं असतं, तर माझ्या तेलावर विमान किती उडेल?"

मी हिशेब सांगितला. वर्षाचं हजार लिटर तेल, त्याचं आठशे लिटर इंधन. मध्यम विमान मिनिटाला पन्नास लिटर पितं. "वर्षाच्या तेलावर सोळा मिनिटं."

"आणि चाळीस वर्षांच्या?"

"साडेदहा तास. थोडे जास्तच."

"साडेदहा तास," अप्पा म्हणाले. "हे खरं?"

"खरं. तपासून बघता येतं."

"मग हे कुणी का नाही सांगितलं मला? मला एवढं पुरलं असतं."

मला तो आकडा कितीतरी वर्षांपासून माहीत होता. मी याच विषयात शिकले, याच विषयात नोकरी करते, आणि कढईजवळच्या स्टुलावर बसून वडिलांना तो सांगावा असं मला एकदाही वाटलं नाही. मी त्यांना घरात शिरताना आधी अंघोळ करा म्हणायची. स्टूल रिकामं होतं, तिथे भामटा येऊन बसला.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कुणी डोळे मिटा म्हणालं की डोळे उघडे ठेवा. किती घातलं, किती निघालं आणि उरलेलं कुठे गेलं, एवढं विचारा. आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर भामटा येण्याच्या आधी घरातल्या माणसाला सांगा.