पहिल्या नंबरची शाळा

"आता बरी आठवण झाली आमची!" असं म्हणताना मेंढपाळाच्या बायकोनं हातातला झाडू काही थांबवला नाही. उलट सगळी धूळ आमच्याच पायावर ढकलली. आणि खरं सांगू, तिचं काही चुकलं नाही.

माझा धाकटा दीर शाळा समितीचा अध्यक्ष. आमची सातवीपर्यंतची सरकारी शाळा आणि ओढ्यापलीकडची, या दोघींची दरवर्षी तुलना व्हायची. निकाल कोणाचा वरचढ, याचं दिराला भारी वेड. कच्ची पोरं निकाल पाडतात म्हणून त्यानं कुणाच्या आईबापाला गोड बोलून, कुणाला दमात घेऊन, त्यांची नावं पलीकडं घालायला लावली. मेंढपाळाची पोरगी त्यातलीच. झालं, आमचा निकाल पहिला आला! माझी पुतणी, म्हणजे दिराची लेक, तर सगळ्या भागात पहिली. मग वरून साहेब आले. त्यांनी निकाल बघितलाच नाही, पट बघितला. जिथं पोरं कमी ती शाळा बंद, म्हणाले.

म्हणून तर दीर मला घेऊन या दारात आला होता.

"पोरगी परत आण बाई. शाळा वाचेल," तो म्हणाला.

"रिकामं मडकं म्हणाला होतात तिला. आता ते मडकं तुमच्या पटावर मांडायचं होय?"

"चुकलं माझं."

"चुकलं ना? मग निस्तरा. तिकडं माझी लेक हसत जाते."

अति तिथं माती म्हणतात ते काय खोटं? शाळेला कुलूप लागलं.

"पलीकडं घाल की पोरीला," मी दिराला म्हणाले.

"ज्या शाळेला भर सभेत उकिरडा म्हणालो, तिच्या दारात उभा राहू, वहिनी?"

"तुझं नाक मोठं का पोरीचं शिक्षण?"

 सकाळी त्यानं पोरीच्या हातात खुरपं दिलं. पोरीनं दप्तर खुंटीला टांगलं, आणि मला मेलीला रडू आवरेना.

काल आम्ही कांद्यात खुरपत होतो. मेंढपाळाची पोरगी दप्तर घेऊन बांधावरून घरी चालली होती. माझी पुतणी पळत तिच्याकडं गेली.

"आज काय शिकवलं गं?"

"गणित होतं कसलं तरी."

"कसलं? सांग ना."

ती बिचारी डोकं खाजवत राहिली. "मला कुठं कळतंय? तू ये ना उद्या. तू शेजारी बसलीस की मलाही येईल."

पुतणीनं मागं वळून बापाकडं बघितलं. दीर पाटाचं पाणी वळवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. वाफा भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं, तरी तो खाली मान घालून तिथंच उभा राहिला. पुतणी परत येऊन माझ्या शेजारी खुरपायला बसली.