टेलरबाईची लेक आणि घट्ट ड्रेस

औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर मायलेकींचं शिवणकामाचं दुकान होतं. आई म्हणजे टेलरबाई. लेकीला सगळे इंची म्हणत, कारण दारातून येणाऱ्या बाईची कंबर ती नुसत्या नजरेनं सांगायची आणि नंतर टेप लावून खात्री करायची. चुकून फरक निघालाच तर टेप जुनी झाली असेल, असं तिचं ठाम मत. तिसरी काजंवाली. ती खिडकीशी बसून काजं-बटणं करायची, आणि बोटांपेक्षा तिची जीभ जास्त चालायची.

अशा या इंचीला स्वतःच्या अंगावरचे अकरा किलो दिसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिची पाळी पाच महिने आली नव्हती. पहिले दोन महिने तिनं कामाचा ताण म्हणून सोडून दिले, तिसरा हवेवर ढकलला. हनुवटीवर राठ केस येत होते, ते ती चिमट्यानं उपटून गप्प बसायची. शेवटी एक दिवस काजंवालीच म्हणाली, "अगं, तू काय भिंतीवरचं कॅलेंडर आहेस का नुसतं टांगून राहायला? जा की डॉक्टरकडे!" तेव्हा ती उठली.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "वजन वाढलंय का?"

"छे हो," इंची हसली. "दोन वर्षांपूर्वीचे ड्रेस आजही अंगावर बरोबर बसतात. मी शिवणकाम करते, डॉक्टर. कपड्याचं मला नका सांगू."

"बरं, नाही सांगत. काट्यावर उभ्या राहा."

दोन वर्षांपूर्वी इस्त्रीनं हात भाजला तेव्हा इंची याच दवाखान्यात आली होती आणि तेव्हाचं वजन त्यांच्याकडे होतं. काटा अकरा किलो जास्त दाखवत होता. इंची म्हणाली, काटा बिघडलाय. नर्स मुकाट्यानं काट्यावर उभी राहिली, तिचं वजन नेहमीएवढंच भरलं. इंची म्हणाली, मग माझी चप्पल जड असेल. डॉक्टरीणबाईंनी तिला चप्पल काढून पुन्हा उभं केलं. काटा जागचा हलला नाही.

रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "याला पीसीओएस म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे हार्मोन्सचा तोल जातो आणि दर महिन्याला बीज बाहेर पडायचं ते पडत नाही. तुमच्या चुकीनं झालेलं नाही हे. पुष्कळ जणींना असतं, बारीक बायकांनाही असतं. मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतं. तुमची साखरही काठावर आलीये. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. चार महिने खाण्यात आणि चालण्यात बदल करून बघू. तोवर पाळी आपली आपण आली तर उत्तम. नाही आली तर गोळ्या सुरू करू, कारण पाळी इतके महिने अडून राहणं गर्भाशयाला चांगलं नाही."

"येईल," इंची म्हणाली. "आपली आपण येईल."

हे तिनं कशाच्या जोरावर म्हटलं, ते तिलाच ठाऊक. वडील साखरेनं गेले होते. शेवटी त्यांच्या पायांचे काय हाल झाले ते तिनं पाहिलं होतं. तिला त्या वाटेनं जायचं नव्हतं, एवढं नक्की होतं.

घरी आल्याआल्या तिनं अंगातला ड्रेस काढला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ज्याला या कामात माया म्हणतात, ते जवळजवळ संपलं होतं. जुन्या शिवणीची बारीक भोकं रांगेनं दिसत होती, आणि त्यांच्या बाहेर नवी शिवण. तिनं दुसरा ड्रेस काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच. कुणीतरी बाजूची शिवण उसवून सैल केली होती. एकदा नव्हे, काही ठिकाणी दोनदा.

आणि कुणी केलं हे शोधायला पोलीस बोलवायची गरज नव्हती. शिवण संपली की टाका मागेपुढे घालून पक्का करायचा आणि दोरा तिरका कापायचा, ही एकाच बाईची सवय. ती बाई या क्षणी ओट्याशी उभी राहून चहात तिसरा चमचा साखर घालत होती.

"आई, हे काय आहे?"

टेलरबाईनं ड्रेसकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं. "घाल तो अंगात आधी. उघडी काय उभी राहिलीस."

"आई!"

"सैल केलाय थोडा."

"कधीपासून?"

"तू कापड आणायला बाजारात जायचीस ना, तेव्हा." आईनं गॅस बंद केला. "टोचत होतं का तुला कुठं? काचत होतं? नाही ना? मग झालं तर!"

जिनं इंचीला कात्री धरायला शिकवली, त्या बाईनं दोन वर्षं तिला गुपचूप फसवलं होतं, आणि वर तोंड करून विचारत होती, टोचलं का म्हणून. रागही येत होता आणि हसूही. शेवटी राग जिंकला.

"अगं, टोचलं असतं तर मला कळलं असतं! मी डॉक्टरसमोर कपड्यांची फुशारकी मारून आले!"

तेव्हा टेलरबाई स्टुलावर बसली. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा तुझी आजी मला म्हशीची उपमा द्यायची. पाहुण्यांसमोर. ब्लाउज उसवला की म्हणायची, फुटली बघा पुन्हा. मी ठरवलं होतं, माझ्या पोरीला कपडा कधी काचू द्यायचा नाही. काचला की तिला वाटेल, आपणच वाईट आहोत."

इंचीनं तिच्याजवळ जमिनीवर बसून तिचा हात धरला. तिला आईचं वाईट वाटलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. पण लगेच पुढे म्हणाली, "आता यापुढं माझ्या कपड्याला हात लावायचा नाही. काचू दे."

"बरं बाई."

"शपथ घे."

"मशिनीची शपथ," टेलरबाई म्हणाली. तिच्या लेखी याहून मोठी शपथ नव्हती.

आता इंचीचा स्वभाव असा, की एकदा ठरवलं की मागचापुढचा विचार नाही. दुसऱ्या दिवसापासून काकडी. सकाळी काकडी, दुपारी काकडी, संध्याकाळी भूक लागली तर पाणी. काजंवाली म्हणाली, "ससा पाळलाय वाटतं दुकानात." इंचीच्या पोटात कावळे ओरडत होते, डोकं भणभणत होतं, आणि एका मास्तरणीच्या नव्या कोऱ्या ड्रेसच्या तिनं दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. कापड उलटवून दुसरी बाही कापायची, ती तशीच कापली. शिकाऊ पोरीही अशी चूक पहिल्या आठवड्यातच करून मोकळ्या होतात. मास्तरीण ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली, उजवा हात वर केला, तर बाहीनं अख्खा खांदा पिळून मागं नेला. "माझा हात पाठीला फुटलाय का?" तिनं विचारलं. नवीन कापड आणून बाही पुन्हा लावून द्यावी लागली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच हसल्या. मग हसू आवरून चांगलंच फैलावर घेतलं. "उपाशी मरायला कुणी सांगितलं होतं? उपाशी राहिलात की शरीर घाबरतं, आणि दोन आठवड्यांनी तुम्ही बिस्किटांचा डबा रिकामा करता. अति तिथं माती. पोटभर खा, पण काय खाता ते बघा. ताटात अर्धी भाजी हवी, एका भागात डाळ किंवा अंडी, भात थोडाच. आणि दिवसभरात चहा किती घेता?"

इंची बोटं मोजायला लागली. दुकानात येईल त्या बाईला चहा द्यायची पद्धत होती, आणि बाईला एकटीनं प्यायला संकोच वाटू नये म्हणून तीही तिच्याबरोबर घ्यायची. बरोबर दोन बिस्किटं. बाई जितक्या तितके चहा, आणि प्रत्येकात टेलरबाईच्या हातची साखर. गिऱ्हाईक राखता राखता घरात साखरेचं पोतं शिरलं होतं.

खरी लढाई मग सुरू झाली, आणि ती काट्याशी नव्हती, आईशी होती. टेलरबाईला वाढायचं म्हणजे वरून आणखी एक पळी भात वाढायचा, हेच माहीत. "एवढ्यानं काय होतंय" हे तिचं आवडतं वाक्य. इंचीनं ताटावर हात आडवा धरला की तिचा चेहरा उतरायचा. शेवटी इंचीनं एक दिवस सांगितलं, "आई, तुला मला भरवायचंच असेल ना, तर भाजी भरव. भाजीला मी कधी नाही म्हणणार नाही." झालं, टेलरबाईला काम मिळालं. तिनं भाजीबाजार पालथा घातला. शेंगा, पालेभाज्या, कोबी, मोड आलेले मूग, जे मिळेल ते. भाजीवाल्याशी ती असं भांडायची की जणू कापडात दोष निघालाय.

संध्याकाळी दुकान बंद केलं की इंची चालायला जायची, नदीकाठच्या रस्त्यानं पुलापर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी धाप लागली आणि एका म्हाताऱ्यानं तिला मागं टाकलं, वर मागं वळून हसलाही. महिन्याभरानं तिनं त्याला गाठलं. दुसऱ्या महिन्यात मागं टाकलं, पण हसली नाही. तेवढी तिला रीत होती.

त्यातला एक निळा ड्रेस तिनं मुद्दाम मूळच्या मापाला आणून घातला होता. सुरुवातीला खाली बसलं की काखेत करकर वाजायचं. काजंवाली म्हणायची, "हळू, स्फोट होईल." हळूहळू ती करकर थांबली, आणि एके दिवशी इंचीच्या लक्षात आलं की काचायचं कधी थांबलं तेच आठवत नाही.

सहा किलो उतरले. साखर काठावरून मागं आली. झोप लागायला लागली, दुपारची ती मरगळ गेली. फक्त पाळी आली नाही.

चौथा महिना सरत आला. टेलरबाईला तिच्यापेक्षा जास्त काळजी. "गोळ्या घ्याव्या लागल्या तर?"

"तर घेईन. गोळ्या म्हणजे हार नव्हे, डॉक्टरांनीच सांगितलंय. चालणं आणि खाणं तरीही सोडणार नाही. मला आता बरं वाटतंय, आई. ते माझं मी कमावलंय." ती हे मनापासून म्हणाली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटायचं, एकदा येऊ दे. एकदाच, आपली आपण.

डॉक्टरकडे जायचं होतं त्याच आठवड्यात एका नवरीची शेवटची ट्रायल होती. नवरी स्टुलावर उभी, इंची गुडघ्यावर बसून घेराला टाचण्या लावतेय, ओठांत टाचण्या धरलेल्या. आणि तिच्या ओटीपोटात ओळखीची कळ आली. तिनं दुर्लक्ष केलं. पुन्हा आली. तिनं टाचण्या एकेक करून काढून उशीला टोचल्या, नवरीला म्हणाली, "हलू नकोस गं," आणि मागच्या खोलीत गेली.

परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले आणि चेहरा उजळलेला. काजंवालीनं सुई खाली ठेवली. टेलरबाईची मशीन थांबली.

"आली," इंची म्हणाली. "आई, आली! आपली आपण आली!"

"बाई गं!" काजंवाली ओरडली. स्टुलावरच्या नवरीला काही कळलं, काही नाही, पण तिनंही टाळ्या वाजवल्या आणि दोन टाचण्या टोचून घेतल्या.

टेलरबाई मात्र उठली नाही. ती मशीनवर डोकं टेकून रडायला लागली. इंची धावत गेली. "अगं, रडतेस काय? आनंदाची गोष्ट आहे!"

"माझी पण यायची नाही गं," टेलरबाई म्हणाली. "सहा-सहा महिने यायची नाही. तू होईपर्यंत कितीतरी वर्षं गेली. सगळे म्हणायचे, हिच्यातच खोट आहे. हनुवटीवर केस यायचे ते मी पण लपवायचे. मला वाटायचं मीच पापी, मीच आळशी, मीच खादाड. कुणी दवाखान्यात नेलं नाही. आणि तुझं अंग तसंच सुटायला लागलं तेव्हा मला वाटलं, माझंच पाप पोरीच्या अंगात गेलं. म्हणून लपवत बसले. कपडे उसवत बसले."

इंचीनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आईकडे इतक्या जवळून तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तो आजार होता, आई. त्याला नाव आहे. तुझ्यात खोट कधीच नव्हती."

टेलरबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि इतकी वर्षं जे कुणाला विचारलं नव्हतं, ते एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं.

"खरंच गं? कधीच नव्हती?"