आधी कोट उलटा करा

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेली ही काळी, जड वस्तू म्हणजे मीच. इस्त्री. कोळशाची. जन्मभर पोटात निखारे घेऊन जगले, तेव्हा माझं बोलणं जरा गरम लागेल, चालवून घ्या. आणि माझी ठेच लागली म्हणून मला शिव्या देणाऱ्यांनी खाली बघून चालावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

साच्यात लोखंड ओतून मला घडवलं, वर लाकडी मूठ बसवली आणि झाकणाच्या खिट्टीवर एक पितळी कोंबडा. त्या कोंबड्याचा मला भारी तोरा होता. एका लॉन्ड्रीवाल्याने मला निवडून घेतलं. त्याला सगळी गल्ली बाबा म्हणायची. रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तो माझे कोळसे पेटवायचा आणि त्याची लेक, आमची ताई, मला फिरवायची. तिच्या हातचा शर्ट पाहून लोक म्हणत, "आता हा घालायचा की कपाटात ठेवून नुसता बघायचा?"

बाबाचा एक नियम होता. "पोरी, गिऱ्हाइकाच्या कपड्यात जे दिसेल ते आपल्या पोटात ठेवायचं. डाग असो, ठिगळ असो, नाहीतर आणखी काही. लोक आपल्याकडे नुसते कपडे देत नाहीत, अब्रू देतात." ताईने तो नियम जिवापाड पाळला. कुणाची कॉलर किती विरलीय, कुणाचा खिसा कितीदा शिवलाय, आम्हा दोघींना सगळं ठाऊक. पण मूग गिळून गप्प.

मग लढाई सुरू झाली. साबण मिळेना, कोळसा मिळेना, नळाला दिवसाआड पाणी. शेजारच्या गोदामात घरदार सोडून आलेली माणसं दाटीवाटीने राहू लागली. ताईचा धाकटा भाऊ लढाईवर गेला होता. एका दुपारी तो तीन दिवसांच्या सुट्टीवर घरी आला, अंगात जाड लोकरी कोट घालून.

"माझा नाही हा," तो म्हणाला. "जोडीदाराचा. त्याला ताप आला, दवाखान्यात हलवला. गाडीत थंडी फार, म्हणून कालच अंगात चढवला. मला नवा मिळणार आहे. हा बाबांना राहू दे, सकाळी पायरीवर कुडकुडत बसतात."

ताईने कोट हातात घेतला, कॉलर उलटली आणि थबकली. शिवणीत उवा होत्या. दोऱ्याला धरून लिखांची तर रांगच लागली होती. मी शेजारीच होते, मी पाहिलं.

तिने कॉलर पुन्हा सरळ केली. इतक्या दिवसांनी आलेल्या भावाला काय ऊ दाखवायची? तिने उरलेसुरले मूठभर कोळसे माझ्यात टाकले आणि मला कोटावरून फिरवलं. पण कसं? सवयीप्रमाणे! पाठ, बाह्या, खिशांची झाकणं, सगळं वरून. आतल्या शिवणींवरून एकदाच, घाईघाईत, आणि तोवर माझे निखारे राखेखाली गेले होते. मी कोमट होते. कोट दिसायला मात्र फक्कड झाला. बाबाने तो घातला आणि आरशात बघून म्हणाला, "कप्तान दिसतोय की मी!"

त्या कोमटपणाची मला अजून लाज वाटते.

सुट्टी संपून भाऊ परत गेला. बारा-तेरा दिवसांनी बाबाला हुडहुडी भरली. डोकं फुटेल असं दुखू लागलं. ताप उतरायचं नाव घेईना. पाचव्या दिवशी छाती-पोटावर लालसर पुरळ उठलं आणि तो बरळू लागला. शाळेच्या वर्गांत दवाखाना उघडला होता, तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. पुरळ पाहताच त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्या कपड्यांत उवा झाल्यात का?"

"नाही," ताई म्हणाली.

मी टेबलावर थंडगार पडले होते. मला आवाज असता तर ओरडून सगळी गल्ली गोळा केली असती!

बाबाला दवाखान्यात नेलं. ताईने कोट पोत्यात कोंबून तोंड आवळून बांधलं. डॉक्टरीणबाईंनी गल्लीला समजावून सांगितलं, "हा ताप उवांमुळे पसरतो. ताप आलेल्या माणसाच्या अंगावरची ऊ शेजारच्याच्या कपड्यात जाते. आपण खाजवतो आणि तिची घाण कातडीत शिरते. केसांतल्या उवा नव्हेत, कपड्यांतल्या. शिवणीत लपतात." पण लोकांनी अर्धंच ऐकलं. "आमच्या घरात उवा? शोभतं का हे बोलणं!" असं म्हणत म्हणत प्रत्येकाने गुपचूप न्हावी गाठला. दोन दिवसांत अर्धी गल्ली तुळतुळीत. आणि डोकी चकाचक करून पुन्हा तेच सदरे अंगात! काय म्हणावं या माणसांना?

मग समोरचा शिंपी तापाने फणफणला. तो रोज संध्याकाळी बाबाच्या शेजारी पायरीवर बसायचा आणि थंडी वाजली की दोघांच्या खांद्यांवर तो एकच कोट. त्याची बायको ताईकडे आली. "यांना कुठून लागलं गं हे? कुठून?"

ताई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. काकू गेल्यावर माझ्या टेबलापाशी बसून ती ओक्साबोक्शी रडली. मग उठली, तोंड धुतलं, पोतं उचललं आणि तडक नळाकडे गेली. तिथे रांग लागली होती. आमच्या दारातून सगळं दिसत होतं. ताईने कोट बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर उलटा केला.

"हा माझ्या भावाने आणलेला कोट. यात उवा होत्या. मला दिसल्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलले. लाज वाटली म्हणून. बाबा त्यानेच आजारी पडले, शिंपीकाकाही त्यानेच. आता तुम्ही लाजू नका. तुमच्या कपड्यांत काय असतं ते मला काही आजच कळलेलं नाही. घेऊन या सगळे. दुसरं नसेल तर चादर गुंडाळून या, पण या."

रांग दोन पावलं मागे सरली. मग शिंपीणकाकू रांगेतून पुढे आल्या. वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"माझ्या माणसाला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही," त्या म्हणाल्या. मग अंगावरची शाल काढून त्यांनी ताईच्या हातात दिली. "आधी ही घे."

त्या दिवसापासून मी दम घेतला नाही. लोकांनी घरातला कोळसा आणला, मोडक्या खुर्च्या आणल्या. जे उकळता येईल ते उकळलं जाई. लोकरीचं, जाडजूड सगळं माझ्याकडे. पाण्याचा थेंब टाकला की 'चर्र' झालंच पाहिजे, नाहीतर पुन्हा निखारे. ओलं फडकं घालून एकेक शिवण सावकाश. आतून चुटचुट आवाज यायचा आणि सांगते, मला आनंद व्हायचा! गोदामातली माणसंही रांगेत उभी राहिली.

शिंपी गेला. चौथ्या दिवशी काकू पुन्हा टेबलापाशी हजर. ताईशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण कपडे उलटायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. अस्तराखाली कुठली शिवण दडलेली असते, ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून राबायच्या, आणि मी त्यांच्यामध्ये.

महिन्याभराने बाबा घरी आला. हाडांचा सापळा झाला होता, आणि तापाने कान नेले होते. ताई त्याच्या पायाशी बसली. "बाबा, मी तुमचा नियम मोडला. आधीच मोडायला हवा होता. काका गेले हो!" त्याला काही ऐकू आलं नाही. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने पायरीवरची शिंप्याची रिकामी जागा पाहिली, काकूंचं कोरं कपाळ पाहिलं, तो उलटा कोट पाहिला. आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा पिळवटला की मला बघवेना.

तो उठला. ढिगातला पहिला सदरा घेतला, उलटा केला, शिवण माझ्यासमोर ताणून धरली आणि माझ्या कोंबड्यावर बोटाने टकटक केलं. चालव.

गल्लीत ताप त्यानंतर फार दिवस टिकला नाही.

पुढे विजेच्या इस्त्र्या आल्या. ताई म्हातारी झाली, मग तीही वारली. माझा कोंबडा तुटला, तळ गंजला, आणि मी या दारापाशी आले. पण आतल्या खोलीतला रेडिओ मला ऐकू येतो. पुन्हा कुठेतरी लढाई आहे, पुन्हा माणसं गोदामांत दाटीने झोपताहेत. म्हणून सांगते, गंज काय, घासला की जातो. मला उचला. कपडा आधी उलटा करा, दिसेल ते मोठ्याने बोला. आणि निखारे भरताना हात आखडू नका. एकदा कोमट राहिले, तेवढं पुरे झालं.