न दुखणारा पाय

पाय कापायचा की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगा, असं म्हणून डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. जाण्याआधी त्यांनी सगळं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. डाव्या पायाची बोटं गेलेली आहेत. विष वर चढतंय. आज पोटरीतून कापला तर गुडघा वाचेल. उद्याचं कुणी सांगू शकत नाही.

खाटेवरच्या माणसाने पाय थोडा उचलून निरखून पाहिला.

"दुखत तर नाही," तो बायकोला म्हणाला. "दुखत नाही ते कापायचं कशाला?"

गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यात त्याला सगळे मुंगळा म्हणत. तो पाकखात्यात होता. साखर उकळायची, पाक थंड पोलादी टेबलावर ओतायचा, रंग आणि वास घालून मळायचा आणि घट्ट व्हायच्या आत यंत्राकडे ढकलायचा, हे त्याचं काम. फुटक्या गोळ्या कामगारांनी आत बसून हव्या तेवढ्या खाव्यात, फक्त फाटकाबाहेर नेऊ नयेत, असा तिथला रिवाज होता. नवा माणूस पहिला आठवडा बकाबका खातो. मग त्याला त्या वासानेच मळमळायला लागतं आणि पुढे तो जन्मभर गोळीला हात लावत नाही. मालकांनी हे ओळखूनच मोकळीक दिलेली. मुंगळ्याच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. त्याला वीट म्हणून आला नाही. गालात गोळी नसलेला मुंगळा कुणी पाहिला नव्हता. जेवायला बसताना तो ती काढून ताटाच्या कडेला ठेवी आणि हात धुतला की परत तोंडात टाकी. तहान लागली की रंगीत सरबताची बाटली.

बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. त्यामुळे जे जे होत गेलं त्याचा अर्थ दोघांनी कारखान्यातूनच लावला. त्याला सारखी तहान लागायला लागली. कढईपाशी उभं राहणाऱ्या कुणाला लागत नाही? अंग उतरलं, पँट कमरेवर ठरेना. घामाने माणूस वाळणारच. नजर धूसर झाली, ती वाफेने. पाय बधिर झाले, ते दिवसभर गमबूट घालून.

आणि मुंग्या. न्हाणीघरात तो लघवीला जाऊन आला की थोड्या वेळात तिथे मुंग्यांची रांग लागे. दुसऱ्या कुठल्याही घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाने याचा अर्थ सांगितला असता. पण या घरात मुंग्या पूर्वापार होत्या. दोघांच्या कपड्यांना, केसांना साखरेची भुकटी असायची.

"कपडे बाहेर झटकून आत येत जा, किती वेळा सांगायचं?" ती म्हणायची.

"माझ्या नावाला जागतात बिचाऱ्या," तो म्हणायचा.

तिने मुंग्यांची पावडर आणली. रोज फरशी घासली. कोपरे बुजवले. त्यात तिने वर्ष घालवलं.

मग एका संध्याकाळी तो गमबूट काढून बसलेला असताना तिला त्याच्या डाव्या मोज्यावर मुंग्या दिसल्या. बुटात साखर गेली असेल म्हणून तिने मोजा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने मोजा ओढला तेव्हा तो निघेना. गमबुटात कधीतरी उकळता पाक उडाला होता. अंगठा आणि शेजारचं बोट भाजून, पिकून काळं पडलं होतं. कधी उडाला, ते त्याला आठवत नव्हतं, कारण ते त्याला कळलंच नव्हतं.

"तपासणी कधी केली होती?" दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कसली?"

"साखरेची."

"साखरेची तपासणी तर रोज होते," तो म्हणाला. "प्रयोगशाळा आहे आमच्याकडे."

त्याला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. नुसत्या गोळ्यांनीच झालं असं म्हणता येणार नाही, घराण्यातही असू शकतं, त्या म्हणाल्या. पण दिवसभर, वर्षानुवर्षं एवढी साखर पोटात गेल्यावर वेगळं काय होणार? नसा मेल्या आहेत. म्हणूनच दुखत नाही.

दुपारी मुकादम भेटायला आला. येताना गोळ्यांची पिशवी घेऊन आला.

"मोठ्या साहेबांनी खास परवानगी दिली, वहिनी. फाटकावर कुणी अडवलं नाही."

तिने पिशवी घेतली आणि खाटेखाली सरकवली.

"अरे मुंगळ्या, कापायबिपायच्या भानगडीत पडू नकोस," मुकादम खुर्ची ओढत म्हणाला. "माझ्या मेहुण्यालाही असंच घाबरवलं होतं. मलम लावलं, बरा झाला. आज सायकल चालवतो."

"त्यांना साखरेचा आजार होता का?" तिने विचारलं.

"तसं नाही, कुत्रा चावला होता. पण पाय तो पायच ना!" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आणि हे बघ, एका पायाच्या माणसाला मी कढईपाशी कसा उभा करू? माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी."

मुकादम गेला. तिने केसांतला आकडा काढला.

"डोळे मिटा. मी पायाला टोचते. कुठे टोचलं ते सांगा."

"पोरखेळ आहे का हा?"

"मिटा म्हणते ना."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "अंगठ्याला."

"अजून टोचलंच नाही मी."

"मग टोच की."

"आता टोचून झालं," ती म्हणाली. "तीनदा. टाचेला."

त्याने डोळे उघडले. टाचेवर रक्ताचे ठिपके होते. त्याने ते पाहिले आणि चादर ओढून घेतली.

"माझी कातडी पाकाने शेकलेली आहे. जाड आहे."

"अहो, संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"सकाळी सांगू. एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय?"

तिने डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या पुन्हा तेच बोलल्या, या वेळी जास्त हळू. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. माणूस शुद्धीवर आहे, त्याची संमती नाही, तर आम्हाला हात लावता येत नाही, असं त्यांनी तिला बाहेर सांगितलं. ती बाकावर बसून राहिली.

रात्रीतून त्याला ताप भरला. सकाळी पोटरी गुडघ्यापर्यंत लाल झाली होती आणि कातडी ताणून चमकत होती. डॉक्टरबाईंनी गुडघ्याच्या मागे बोट दाबलं, नर्सला काहीतरी सांगितलं आणि त्या त्याच्याकडे वळल्या.

"आता वरून कापावा लागेल. लगेच."

"कापा," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

त्या घाईने बाहेर पडल्या. त्याने बायकोचा हात धरला.

"वरून म्हणजे कुठून गं?"

तिने हाताची कड स्वतःच्या मांडीवर, गुडघ्याच्या बऱ्याच वर, आडवी धरली.

तो त्या हाताकडे बघत राहिला.

"जरा खाली घे ना," तो म्हणाला.

तिने हात तिथेच ठेवला.