जस्तानंतरची जागा

देवीदासने सोमलाची चिठ्ठी अंगठ्याने डावीकडे सरकवली आणि सगळं बिघडलं.

ओसरीत औषधांच्या बाटल्यांच्या जुन्या चिठ्ठ्या ओळींनी मांडलेल्या होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक चिंचोका. पाठीवर एकेका मूलद्रव्याचं नाव आणि वजन. अकोल्याच्या दवाखान्यातल्या साहेबाने टाकून दिलेल्या पुस्तकातून कंपौंडर देवीदासने ती उतरवून घेतली होती. हलक्यापासून जडाकडे मांडत जायचं, आणि एका स्वभावाची द्रव्यं एकाखाली एक यायला हवीत. जस्तापर्यंत जमलं. पुढचा सोमल, म्हणजे पुस्तकातलं आर्सेनिक, मात्र भलत्याच ॲल्युमिनियमखाली पडत होता.

"याले वास कायचा येते?" मनकर्णाने, त्याच्या बायकोने, वाकून विचारलं.

"तापवला का लसनाचा."

"अन् लसनाचा अजून कोनाले येते?"

"फॉस्फरसले."

"मंग त्याच्याखाली बसवा ना. त्याच्याच घरचा दिसते."

"मंधात दोन जागा मोकळ्या रायतात."

"राहू द्या. कोनी बाहेर गेलं असन."

"त्यायले कोनी पायलंच नाई, मनकर्णा. नाव बी नाई."

"पायलं नाई म्हनून नाईतच काय?"

त्याने दोन जागा सोडल्या. पुढचं एकेक द्रव्य आपापल्या सोयऱ्याखाली जाऊन बसलं. देवीदास एकटाच हसला. हे सांगावं असं अख्ख्या वऱ्हाडात माणूस नव्हतं. होतं ते भाकरी थापायला आत गेलं होतं.

दुपारी पातूरहून थोरले भाऊ खुशालराव आले, मुलगा चंद्रभानला घेऊन. पाट नेहमीसारखे वयाने मांडले होते. खुशालराव, देवीदास, मग एक रिकामा पाट, मग चंद्रभान. रिकामा पाट गोवर्धनचा. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली देवीदासचा हा एकुलता मुलगा कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेला, तो आला नाही. तीन वर्षं मनकर्णा त्याच्या पाटापुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवत होती.

"पुरे झालं आता, देवीदास," खुशालराव म्हणाले. "उद्या भटजीले बोलावतो. पोराची क्रिया करून टाकू. उचल तो पाट. सरक रे, चंद्रभान."

मनकर्णा भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

देवीदास थोरल्या भावापुढे जन्मात बोलला नव्हता. त्याने पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. चंद्रभान सरकला. तांब्या कुठे ठेवावा ते कोणाला सुचलं नाही. टोपलं खाली ठेवून मनकर्णा ओसरीकडे गेली, ती पुढची भाकरी वाढायला बराच वेळ आली नाही.

हात धुऊन देवीदास ओसरीत आला. चिठ्ठ्या सरळ ओळीत होत्या, प्रत्येकीवर चिंचोका होता. जस्ताला लागून सोमल. मधे बोटभरही जागा नव्हती.

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता.

त्याने सोमलावरचा चिंचोका उचलला. बराच वेळ मुठीत धरून बसला. मग सोमल न हलवता तो होता तिथेच परत ठेवला.