कोरी ठेवायची जागा

“दादा, एवढं ध्यानात ठेवा. बाहेरून हवं तेवढं रंगवा, पण ही सपाट जागा कोरी ठेवायची. चाक इथं टेकतं.”

भिवाने ब्रेकच्या ड्रमवर तळवा फिरवून ती जागा दाखवली. लालबागच्या चाळीच्या अंगणात टॅक्सी चार बाजूंनी विटांवर उभी होती आणि तिची चाकं भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. सीताराम परबने नुसती मान हलवली. तीस वर्षं गिरणीतल्या यंत्रांना, नळांना आणि कठड्यांना रंग देणाऱ्या माणसाला रंग कुठे लावायचा हे कुणी शिकवायला नको, असं त्या मान हलवण्यात होतं. भिवाला परळच्या गॅरेजमध्ये कामावर हजर व्हायचं होतं. उद्या सकाळी येऊन चाकं बसवून देतो, असं सांगून तो गेला.

टॅक्सी दगडू गावड्याची. दगडू आणि सीताराम मालवणकडच्या एकाच गावचे, चाळीतही भिंतीला भिंत लावून राहणारे. खंडेनवमीला दगडू दरवर्षी गाडी धुऊन तिला झेंडूचे हार घाली. त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, सीतारामच्या डोक्यात वेगळंच आलं. चाकांच्या तबकडीला लांबट भोकं होती आणि त्यांतून आतला ड्रम गंजलेला, मातकट दिसे. तिथे तांबडा रंग दिला, तर गाडी धावताना चाकाच्या आत तांबडं कडं फिरताना दिसेल. दगडूला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता.

“अरे, गाडी आसा ती, नवरी न्हय. तिच्या पायाक आळतो कित्याक?”

“तू फकत चालय,” सीताराम म्हणाला होता. “बघणारे बघतले.”

भिवा पलीकडच्या चाळीतला, तिशीचा. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून हत्यारांची पूजा बंद केली होती. तरी चाकं काढून द्यायला तो आपण होऊन आला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत तो आणि सीताराम बरोबरच असत. छप्पनच्या जानेवारीत अश्रुधुराने सीतारामला दिसेनासं झालं, तेव्हा भिवाने आपला ओला रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधून, हाताला धरून त्याला गल्लीत आणलं होतं. पुढे दोघांनीही त्याचा उल्लेख केला नाही. पण सीतारामच्या दारी भिवा उंबऱ्याबाहेर उभा राहत नसे.

त्या दिवशी सीतारामने रजा टाकली होती. त्याने तारेच्या ब्रशने गंज घासला, रॉकेलने पुसून घेतलं आणि पहिला हात दिला. सांगितलेली जागा त्याने खरोखरच कोरी ठेवली. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं. तांबड्याच्या मधोमध ती उघडी, करडी जागा कोडासारखी दिसत होती. त्याने तिकडे पाहायचं टाळलं, विडी ओढली, पुन्हा पाहिलं. गिरणीत अर्धवट रंगवलेली वस्तू त्याने कधी ठेवली नव्हती. चाकाखाली झाकलंच जाणार आहे, तर रंग असला काय नि नसला काय, असं म्हणत त्याने ती जागाही भरून काढली आणि वर सगळ्याला दुसरा हात दिला.

त्याने आजवर रंगवलेल्या वस्तूंवर कधी काही दाबून बसवायचं नव्हतं. पण चाकाचे नट पकड घेतात ती लोखंडावर लोखंड घट्ट बसलेलं असतं म्हणून. मध्ये जाड तेलरंग असला, तर वरून सुकलेला तो थर आतून मऊच राहतो. भाराने आणि उष्णतेने तो हळूहळू दबत जातो आणि जेवढा तो दबतो तेवढा नट सैल होतो. भिवाला हे हाताने माहीत होतं. सीतारामला रंगाचं सगळं माहीत होतं, नटाचं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी दगडू फुलं आणायला दादरला गेला होता. भिवाची वाट पाहून सीतारामनेच चाकं चढवली, नट हाताने फिरवून बसवले आणि गाडी खाली घेतली. भिवा आला तेव्हा दगडू परतून आंघोळीला गेला होता, त्याची बायको राधाबाई पूजेचं ताट घेऊन उभी होती आणि कठड्यावर बायकापोरं जमली होती. भिवाने पाना हातात घेतला आणि हळूच विचारलं, “दादा, ती जागा कोरी ठेवलीत ना?”

खरं सांगितलं असतं, तर चारही चाकं पुन्हा उतरवावी लागली असती. राधाबाई ताट घेऊन ताटकळली असती. आणि कठड्यावरच्या सगळ्यांदेखत, सांगूनही न कळणारा म्हातारा ठरला असता तो सीताराम.

“होय रे,” तो म्हणाला.

भिवाने पुन्हा विचारलं नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत त्याने चारही चाकं आवळली. राधाबाईने ताट पुढे केलं तेव्हा त्याने हात जोडले, कुंकू नको म्हणाला आणि निघून गेला. टॅक्सी गल्लीबाहेर पडली तेव्हा चाकांतली तांबडी कडी खरोखरच फिरताना दिसत होती. सीताराम कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे चालत गेला.

तिसऱ्या दिवशी हिंदमाताजवळ पुढचं डावं चाक निखळलं. गाडी फुटपाथच्या दगडावर आदळली. गाडीत उतारू नव्हता, पण दगडूचा गुडघा चिरडला. इस्पितळात तो सीतारामला सांगत होता, की दोन दिवस कसलीतरी खडखड येत होती, पण चाकावरची टोपी वाजत असेल म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. मग कण्हत म्हणाला, “भिवान नट आवळूकच नाय. घाय होती त्याका. आपल्या पूजेक उभो रवाचो नव्हतो ना.”

भिवाला नट आवळताना सीतारामने स्वतः पाहिलं होतं; तो तेव्हाच बोलला असता. पण खाटेभोवती चाळीतली चार माणसं होती. त्यांतल्या एकाने देव सोडला तसं कामही सोडलं म्हणून टोमणा मारला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सीतारामने मान डोलावली नाही. तो खाली बघत राहिला. खाटेभोवतीच्या लोकांना त्यातून हवा तो अर्थ मिळाला.

संध्याकाळी टॅक्सी ओढून अंगणात आणली. अंधार पडायच्या आत सीताराम खाली गेला. ड्रमच्या सपाट जागेवर बोल्टांभोवती रंग दबून बाहेर आला होता आणि त्याच्या वळ्या जमल्या होत्या. नखाने दाबल्यावर त्या अजून मऊ लागल्या. त्याला सगळं समजलं. त्याने पत्र्याने तो रंग खरवडला आणि रॉकेलच्या बोळ्याने ती जागा लखलखेपर्यंत पुसली. घरी आल्यावर बायकोने, कौसल्येने, जेवण वाढता वाढता हाताला कसला वास म्हणून विचारलं. स्टोव्ह भरला, असं तो म्हणाला. स्टोव्ह तिनेच सकाळी भरला होता.

दुसऱ्या दिवशी भिवा आला. सीताराम वरून पाहत होता. भिवा उकिडवा बसला, ड्रमवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग फडक्याला बोट पुसून तो उठला. वर पाहिलं नाही. आठवड्याभरात गॅरेजच्या मालकाने त्याला काढून टाकल्याचं कळलं आणि महिन्याभराने तो खोली सोडून गेला.

सीतारामने बोलायचं अनेकदा ठरवलं. गुडघ्याचं प्लास्टर निघू दे, मग सांगू. दगडूला चालता येऊ दे, मग सांगू. दगडूचा पाय सरळ झालाच नाही; टॅक्सी विकून तो आणि राधाबाई गावी गेले. दिवाळीला येईल तेव्हा सांगू. साठ सालच्या मार्चमध्ये दगडू तापाने गेल्याचं पत्र आलं. सीतारामने ते दोनदा वाचून घडी घातली आणि कौसल्येपाशी प्रथमच सगळं बोलला.

“माका ठावक आसा,” ती म्हणाली. “आता ज्याका सांगूचा त्याका सांगा.”

भिवा वडाळ्याला असल्याचा पत्ता काढायला महिना गेला. सीताराम तिथे पोहोचला त्या दिवशी रविवार होता, एक मे. रस्त्याने दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, लोक एकमेकांना पेढे देत होते. मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ताडपत्रीच्या आडोशाला भिवाचं काम चाललं होतं. एका लॉरीचं मागचं चाक काढलेलं होतं. त्याने सीतारामला पाहिलं, खोका पुढे सरकवला, चहा सांगितला. भिवाच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

सीतारामने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कोरी ठेवलेली जागा नंतर भरल्याचं, खोटं बोलल्याचं, रॉकेलने पुसल्याचं, दगडू वारल्याचं, सगळं.

“तेव्हाच कळलं मला,” भिवा म्हणाला. “तीन दिवस चाललेला ड्रम एवढा चकचकीत नसतो.”

“मग बोललास का नाही?”

“मी बोलून काय झालं असतं, दादा? तुमच्या तोंडून निघायला हवं होतं. चार दिवस घरातच बसलो. म्हटलं, दादा येतील.”

सीतारामने सांगितलं, की तो चाळीत जाऊन सगळ्यांना गोळा करून सांगणार आहे, गॅरेजच्या मालकाकडेही जाणार आहे.

“सांगा,” भिवा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पण दगडूभाऊ गेले, ते मलाच कामचुकार समजून गेले. त्यांना आता कसं सांगणार?”

चहा आला. तो पिऊन भिवा लॉरीकडे वळला. पॉलिश पेपरने त्याने चाक टेकायची जागा घासली, फडक्याने पुसली, चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळले. मग ड्रायव्हरला हाक मारून त्याच्यापुढे पाना धरला. ड्रायव्हर पेढा चघळत होता. हसून म्हणाला, तू आवळलंस म्हणजे झालं, मला कशाला त्रास देतोस. भिवा पाना पुढे धरून तसाच उभा राहिला. शेवटी ड्रायव्हरने हात पँटला पुसले, पाना घेतला आणि एकेक नट स्वतः आवळून पाहिला. पाचवा नट होईपर्यंत भिवा त्याच्या शेजारी उभा राहून, नजर न हलवता बघत होता.